पन्नास पौंड हवा

"मला पैसे नकोत," रोवीना स्टॉफर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं हलगर्जीपणा केला की नाही, तेवढंच सांगा."

मार्लिस केम्प साठीच्या पुढची. इंडियानाच्या या भागात तिचे अर्धे आयुष्य खासगी तपासात गेले होते आणि 'पैसे नकोत' हे तिने पुष्कळांकडून ऐकले होते. या वेळी मात्र तिला ते खरे वाटले. तिच्या शेजारी राहणाऱ्या बर्ल टॅनरला सगळ्यांचेच बोलणे खरे वाटे. म्हणून तो तिची गाडी चालवायचा आणि तपास ती करायची.

रोवीनाचा नवरा डार्विन गाडीमागे जोडून न्यायचे सहलीचे ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तिथलाच एक नवाकोरा ट्रेलर त्याने घेतला आणि मुलीला, टेसाला, घेऊन तळ्यावर निघाला. हमरस्त्यावर ट्रेलरचा टायर फुटला आणि गाडीसकट सगळेच उलटले. टेसा तेवढी वाचली.

"आणि टेसाच म्हणते, त्याची चूक. निघताना तो टायरपाशी बसला होता, तिनं फुस्स आवाज ऐकला. हवा सोडत होता! कारखान्यानं तेच धरून ठेवलंय. पोरगी आता बापाला डॅडसुद्धा म्हणत नाही. 'तो' म्हणते." रोवीना म्हणाली.

मोडका ट्रेलर लाइल नावाच्या भंगारवाल्याच्या आवारात पडला होता. उतरल्याबरोबर बर्लचा बूट घोड्याच्या लिदीत गेला.

"शी! हे इथं कुठून आलं?"

"मागून आलं असणार," मार्लिस म्हणाली आणि ट्रेलरकडे वळली.

पुढून मागेपर्यंत पत्र्यावर एकच लांब ओरखडा गेला होता. त्या पट्ट्यातच टायरचे लेबल होते. हवा: ऐंशी पौंड. लेबल अगदी स्वच्छ होते. चारी कोपऱ्यांवर चंद्रकोरीसारखे बारीक वण तेवढे दिसत होते.

"नशीबवान लेबल," बर्ल म्हणाला.

"बोट फिरव त्यावरून."

बर्लने फिरवले. खाली कसलीशी खाच लागली. त्याने खांदे उडवले.

"इथं कोण कोण आलं?" मार्लिसने लाइलला विचारले.

"कारखान्याचा पेल्हम. मोटारीनं आला, फोटो काढून गेला. बाकी बाहेरचं कुणी नाही."

"आणि आतलं?"

"आतलं म्हणजे? आपली नेहमीची माणसं येतात, लाकूड, बॅटऱ्या नेतात. त्यांना काय मोजायचं!"

ग्रँट पेल्हम कारखान्याच्या तक्रारी पाहायचा. बोलताना तो नखे कुरतडत होता. खरे तर नखे उरलीच नव्हती, लालभडक बोटे होती.

"लपवण्यासारखं काही नाही, मॅडम. मध्यंतरी टायर बदलले. माप तेच, पण जास्त वजन पेलणारे, त्यांना ऐंशी पौंड हवा लागते. कमी पडली तर तापून फुटतात. काही ट्रेलरवर जुनं पन्नासाचं लेबल गेलं. ते आम्ही सुधारतोय. मालकांना पत्रं जातील."

"जातील? अजून गेली नाहीत?"

"वकील बघतायत. नवी लेबलं छापून तयार आहेत. एक गठ्ठा माझ्याकडे, एक टोळीच्या मुकादमाकडे. पण स्टॉफरच्या ट्रेलरवर पहिल्यापासून ऐंशीचंच आहे! माणसानं वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"गुन्हेगार हाच," बाहेर येताच बर्ल म्हणाला. "तोंड बघितलंस का त्याचं?"

"तोंडावर जायचं तर तुला कधीच अटक झाली असती."

वाटेत विक्रेत्याच्या आवारात त्याच खेपेचे दोन ट्रेलर उभे होते. दोन्हींवर पन्नासाचे लेबल होते, कोपरे गुळगुळीत.

मुकादम रोवीनाच्या घरीच भेटला. काळी टोपी, लांब दाढी. मोटार न वापरणाऱ्या, जुन्या वळणाच्या आमिश ख्रिस्ती पंथातला माणूस, नाव ऑर्ला हॉकस्टेटलर. दाराशी त्याची घोडागाडी उभी होती. अपघातापासून दर आठवड्याला तो त्यांच्यासाठी जेवण आणत असे.

"डार्विन माझ्याच टोळीत होता," तो म्हणाला. "लेबलं तोच लावायचा. आमच्यात ठरलेले ट्रेलर पूर्ण झाले की सुट्टी. मग सगळे धावतात."

बोलता बोलता त्याने नूडल्सच्या भांड्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याच्या नखाने तिचे कोपरे दाबले.

दुसऱ्या दिवशी मार्लिसने पेल्हमला आणि ऑर्लाला रोवीनाच्या स्वयंपाकघरात बोलावले. टेसा माडीवर होती.

"ओरखडा अपघातातला," तिने सुरुवात केली. "तो लेबलावर नाही, लेबलाखाली आहे. म्हणजे लेबल अपघातानंतर लागलं. नवी लेबलं दोघांकडेच होती. कोपऱ्यांवर नखाचे वण आहेत. पेल्हम, तुमचे हात दाखवा."

पेल्हमने हात पुढे केले. वण उठवायला त्याच्याकडे नख नव्हते.

"आवारात लीद होती. लाइलनं घोडागाडी मोजली नाही, कारण इथं ती कुणीच मोजत नाही. आणि ऑर्ला, हे झाकणावरचे कोपरे."

बर्लने झाकणाकडे पाहिले. त्याच चंद्रकोरी. काल तो समोरच बसला होता, आणि त्याचे सगळे लक्ष नूडल्सवर होते.

"टायर आले तेव्हा त्यांत ऐंशीच हवा होती," मार्लिस म्हणाली. "डार्विननं लेबल वाचलं, पन्नास. हवा जास्त दिसली, म्हणून नेमकी तेवढी सोडली. रोवीना, हलगर्जी माणूस वाकूनही बघत नाही. तो काळजीनं मेला."

रोवीना ऑर्लाकडे वळली. "का?"

"नवी लेबलं आली होती," ऑर्ला खाली बघून म्हणाला. "गठ्ठा उघडला नव्हता, आकडा बदललाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डार्विन म्हणाला, थांबून बदलूया. मी म्हटलं, चार ट्रेलर राहिलेत, उरकून घे. माझ्या बहिणीचं लग्न होतं. त्या चारांतलाच एक त्यानं घेतला. आपलं मरण त्यानं आपल्याच हातानं चिकटवलं, असं लोकांनी म्हणू नये म्हणून मी नंतर नवं लावलं..."

"म्हणून तू त्याला निष्काळजी ठरवलंस! माझ्या पोरीसमोर!"

"मी रविवारी चर्चच्या मंडळीपुढे चूक कबूल करून गुडघे टेकीन."

"टेक. दुपारपर्यंत ते तुला माफ करतील आणि जेवायला बसतील. मी कुणापुढे टेकू?" तिने भांडे त्याच्याकडे ढकलले. "हे घेऊन जा."

पेल्हम हळूच उठला. मार्लिसने त्याच्याकडे न बघताच सांगितले, "पत्रं आज जायला हवीत. नाहीतर उद्या मी वर्तमानपत्राकडे जाईन." तो निघून गेला.

जिन्यात टेसा उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"म्हणजे डॅडनं बरोबर केलं होतं?"

"अगदी बरोबर," मार्लिस म्हणाली. "लेबलावर होतं तेवढंच."

"मग ते चुकीचं लेबल लावलं कुणी?"

रोवीनाने टेबलाची कड घट्ट धरली. बर्लने तोंड उघडले, तेवढ्यात मार्लिसने टाच त्याच्या बुटावर रोवली.

"मी," ऑर्ला म्हणाला.

खोटे बोलायला त्याच्या धर्मात बंदी होती. मार्लिसने आयुष्यात कुणाचे खोटे खपवून घेतले नव्हते. तिने निमूटपणे कोट चढवला.

टेसा ऑर्लाकडे बघत राहिली. इतके दिवस बापासाठी राखलेली ती नजर आता त्याच्यावर होती. त्याने मान खाली घातली नाही. रोवीनाने हात पुढे केला आणि भांडे पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले.