मूठभर दाणे आणि चित्ता

शाळेच्या पुस्तकातलं एक पान भरायचं होतं, म्हणून आम्ही त्या गवताळ रानात शिरलो. पानावर तीन फोटो हवे होते: सिंह, वाघ आणि चित्ता. पहिले दोन भाऊजींनी आणले होते. चित्त्याच्या जागी मात्र मागच्या खेपेला त्यांनी बिबट्या पाठवला आणि प्रकाशकाकडे स्वतःचं हसं करून घेतलं. आता आजची संध्याकाळ शेवटची. फोटो नाही मिळाला, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

जीप ताई चालवत होती. जेवणाचे डबे माझ्याकडे होते. पाखराने दाणा टिपल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा माझा रोजचा नेम. पण सकाळपासून एक पाखरू फिरकलं नव्हतं. कावळे ओरडत होते ते फक्त माझ्या पोटात!

भाऊजींचा वर्ग चालू होता. "सिंह म्हणजे भरलेलं घर. बायका शिकार करणार, आणि हा आयाळ पसरून सगळ्यांच्या आधी जेवायला बसणार."

"ओळखीचा वाटतोय," ताई म्हणाली.

"ऐक गं! वाघ एकटा जीव. अंगावर पट्टे, दबा धरण्यात पटाईत, पाण्यात खुशाल डुंबतो. चित्ता सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा. बिबट्याच्या अंगावर फुलं, याच्या अंगावर भरीव ठिपके. डरकाळी आली की लगेच सांगा मला!"

ताईने करकचून ब्रेक मारला. वाळूत ताजे ठसे होते!

भाऊजी वाकले आणि हिरमुसले. "कुत्रा. नखं उमटलीयत बघ. वाघसिंह नखं आत ओढून चालतात."

पुढच्या ओढ्यात जीप रुतली. ढकलता ढकलता भाऊजी चिखलात उताणे! दोघं चाकाखाली दगड लावत होती, तेवढ्यात गवतातून आवाज आला. चिव! चिव!

"पाखरू!" मी देवाचे आभार मानले, मूठभर दाणे घेतले आणि गवत बाजूला सारलं.

समोर चित्ता बसलेला!

डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून ओठांपर्यंत काळ्या रेघा, जणू रडून रडून काजळ ओघळलेलं. त्याने जबडा उघडला. आली डरकाळी! मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं.

"चिव," चित्ता म्हणाला.

मागचं गवत हललं आणि दोन पिल्लं डोकावली. आई लेकरांना हाक मारत होती!

"पळू नका, मेहुणीबाई," मागून भाऊजी कुजबुजले. "हिच्यापुढे पळून कोण सुटलंय?"

"कॅमेरा कुठाय?" ताईचा आवाज.

"जीपमध्ये."

"मग आणा ना! की तोही बायकांनीच आणायचा?"

मी हात जोडू लागले. "बाई गं," मी हळूच म्हटलं, "तुझी लेकरं सुखात राहू देत. मला फक्त जेवायचंय." आणि दाणे सांडले!

कुठून कोण जाणे, पाखरांचा थवा उतरला. एकाने दाणा टिपला. दोन्ही पिल्लांनी झेप घेतली! पाखरं भुर्र! आई ताडकन उठली, मान उंचावली. खट्! कॅमेरा घेऊन परतलेल्या भाऊजींनी फोटो घेतला. दुसऱ्या क्षणी समोर नुसतं गवत हलत होतं.

"मिळाला!" भाऊजी मटकन खाली बसले. "ठसेही हिचेच गं. हिची नखं पूर्ण आत जात नाहीत, विसरलोच होतो."

"आणि डरकाळी?" ताईने विचारलं.

"चिवचिवते," भाऊजी अगदी बारीक आवाजात म्हणाले.

ताई माझ्याकडे वळली. "पाखराने दाणा टिपलेला नीट पाहिलास ना?"

"पाहिला."

त्या दिवशी भाऊजींनी चिखलाचे हात धुऊन डबे उघडले, आम्हा दोघींना वाढलं, आणि मुकाट्याने सगळ्यांच्या शेवटी जेवले.