कोमट पाण्यातली कंडरा

"माझ्या ताईला कापायला हो म्हटलं कुणी?"

धाकटीनं दारातच विचारलं. थोरलीला शेवटचा निरोप देऊन सगळे नुकतेच घरी परतले होते, कुणी पाणी प्यायलं नव्हतं, कुणी दिवा लावला नव्हता... आणि त्या अर्धवट उजेडात तिचा आवाज भिंतींवर आपटला. थोरली तिची सख्खी बहीण. आई लवकर गेली म्हणून थोरलीनंच तिला न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घालून शाळेत धाडलं. बहीण कसली, आईच होती ती!

तो खुर्चीत बसून होता. थोरलीचा नवरा. स्वयंपाकघराच्या दारात त्याची लेक पाठमोरी उभी होती, आणि तिचे खांदे आकसलेले त्याला दिसले.

हो म्हटलं होतं ते लेकीनं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हळूच विचारलं होतं, की हाडं आणि कंडरा दान करता येतील, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. तो इतकी वर्षं दान आलेली हाडंच हाताळत आलेला माणूस, पण त्याची जीभ उचललीच नाही. लेक रडत रडत म्हणाली होती, "घ्या. आई असती तर तीच हो म्हणाली असती."

"कुणी हो म्हटलं, विचारतेय मी!"

"मी," तो म्हणाला.

धाकटी म्हणाली, "दिवसभर मेलेल्यांची हाडं हाताळता, बायकोही त्यातलीच वाटली का हो तुम्हाला? आजपासून तुमचं माझं नातं संपलं. पोरीला मी अंतर देणार नाही. पण तुमचं तोंड बघायची नाही!"

ती गेली, आणि खरंच पुन्हा आली नाही.

लेक मात्र सुट्टीच्या दिवशी मावशीकडे जायची. परत आली की तो एवढंच विचारायचा, "बरी आहे ना ती?" एकदोनदा लेक म्हणाली, "बाबा, मी सांगून टाकते तिला. मला नाही सहन होत." तो लगेच हात हलवायचा. "मुळीच नको. आई गेली तुझी, मावशी तरी राहू दे. माझं काय, मला शिव्या पचतात."

पचत नव्हत्या. रात्री घशाशी यायच्या. पण हे लेकीला कशाला सांगायचं?

त्याचं काम ऑपरेशन थिएटरमागच्या लहान खोलीत चाले. दान आलेलं हाड, दान आलेली कंडरा तिथे अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवलेली असे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी शरीरातली दोरी. ऑपरेशनच्या वेळी ती बाहेर काढायची, निर्जंतुक सलाईन कोमट करून त्यात वितळू द्यायची, मग हव्या त्या मापाची करून सर्जनच्या हातात द्यायची. पाणी गरम झालं की कंडरा आखडते, वाया जाते. म्हणून घाई नाही. सगळ्या थिएटरमध्ये त्याला 'बर्फवाले काका' म्हणायचे.

त्या सकाळी बोर्डावर त्यानं पेशंटचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. धाकटी! शाळेत खेळ शिकवणारी बाई, गुडघ्यावर पडून आतला बंध तुटला होता. पहिल्या ऑपरेशनला त्या जागी तिच्याच पायातली कंडरा वापरली, ती तुटली. आता दुसऱ्याची बसवायची होती. लेकीनं त्याला सगळं सांगितलं होतं, फक्त हॉस्पिटल हेच आहे, तेवढं सांगितलं नव्हतं.

"बर्फवाले, काय झालं? तुम्हालाच गोठल्यासारखं झालंय," इन्चार्ज सिस्टर म्हणाली.

"काही नाही. पाय दुखतात."

"मग बसा की जरा! तुम्हाला बसलेलं बघायला आम्हाला तिकीट काढावं लागेल बहुतेक."

त्याला काम नाकारता आलं असतं. त्याला वाटलं, तोंडावर मास्क आहे, डोक्यावर टोपी आहे, ती गुंगीत असेल... तिला कळायचंही नाही. आपल्या हातून तिचं एवढं तरी होऊ दे. आणि या मायेपोटीच त्यानं कधी न केलेली चूक केली. सर्जननं सांगितल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही असा तिथला नियम. कारण एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून ठेवत नाहीत; बसवायचं, नाहीतर टाकायचं. पण धाकटीला गुंगीत कमी वेळ राहावं लागावं, म्हणून त्यानं आधीच पाकीट फोडलं आणि कंडरा कोमट सलाईनमध्ये सोडली. एका टोकाला हाडाचा तुकडा असलेली, पांढरी, लाकडासारखी कडक. सिस्टरला कंडरेपाशी बसवून तो मापाचं विचारायला बाहेर निघाला.

वाटेत पेशंटना थांबवायची खोली. धाकटी चाकांच्या खाटेवर पडली होती, हाताला सुई, उशाशी तिचा नवरा आणि लेक. तो मान खाली घालून पुढे सरकला, तेवढ्यात भूलतज्ज्ञ बाईंनी हाक मारली, "काका, दात्याची कंडरा काढलीत का?"

"काढली. वितळायला ठेवलीय."

खाटेवरची मान झटकन वळली.

"मास्क काढा," धाकटी म्हणाली. "मास्क काढा म्हणते ना! हा आवाज मी ओळखत नाही होय?"

त्यानं मास्क खाली केला. लेकीनं ओठ दाताखाली दाबला.

"दाता म्हणजे? कुणाचं काय वितळायला ठेवलंय?" धाकटी नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तर म्हणालात कृत्रिम दोरी आहे! त्या दिवशी मी कळवळत होते, डॉक्टरांचं सगळं तुम्हीच ऐकून घेतलंत!"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस का तू?" नवरा पुटपुटला.

"नसतेच आले! मेलेल्या माणसाचं माझ्या अंगात नको. आणि यांच्या हातून तर नकोच नको! काढा ही सुई. मी लंगडत जगेन!"

आवाज ऐकून सर्जन आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही आधीच काढलीत? तुम्ही?"

"हो. चुकलं माझं."

"जबरदस्ती करता येत नाही. यांचा नकार असेल तर ती..."

"टाकावी लागेल," त्यानंच वाक्य पुरं केलं. सर्जन म्हणाले, "थोडं थांबू," आणि बाजूला झाले.

तो खाटेजवळ गेला. किती वर्षांनी इतक्या जवळून बघत होता तिला! केस पिकले होते. हनुवटी तर थेट थोरलीची...

"धाकटे," तो म्हणाला, "राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावरच काढ. मी आता घरी जातो, दुसरं कुणी तयार करील. पण ती टाकायला लावू नकोस. कुठल्या तरी घरात, माणूस गेल्या गेल्या, कुणीतरी रडत रडत हो म्हटलंय गं. त्या रडण्याची अशी माती करू नकोस!"

"आणि तुम्ही?" धाकटीचे डोळे भरले. "माझ्या ताईच्या वेळी हो म्हणताना तुम्ही रडलात का?"

त्यानं मास्क पुन्हा वर ओढला.

"बाबा काही म्हणालेच नव्हते, मावशी," लेक म्हणाली.

"तू गप बस!" तो ओरडला. त्याला असं ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं.

"नाही बसणार! मावशी, हो मी म्हटलं. बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी म्हटलं, आणि खूप रडले. तू विचारलंस तेव्हा माझी वाचा बसली, आणि बाबा माझ्या पुढे झाले..."

धाकटी तिच्याकडे वळली. "तू? आणि माझ्या घरी येत होतीस? माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपत होतीस, आणि मी तुझ्यासमोर तुझ्या बापाला नाही नाही ते...!"

"सांगितलं असतं तर तू पण सोडून गेली असतीस ना मला!"

"तुला सोडलं असतं मी?" धाकटी म्हणाली, आणि थांबली. तिचा चेहरा हळूहळू विरघळत गेला. "सोडलं असतं गं. त्या दिवशी मी तुलाही सोडलं असतं..."

तिनं सुई नसलेल्या हातानं लेकीचं डोकं छातीशी ओढलं. आणि तिच्या केसांवरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "भावोजी, तोंडाला कुलूप लावून बसलात! एवढं सोसायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुझी ताईच म्हणायची नेहमी. माझी धाकटी तापट आहे, तिचं बोलणं पोटात घालत जा."

धाकटी हसली आणि त्याच हसण्यातून हुंदका फुटला. मग तिनं विचारलं, "काय करता तुम्ही तिचं? त्या कंडरेचं?"

"मऊ झाली की हाडाचं टोक मापात तासतो. दुसऱ्या टोकाला पक्के टाके घालतो. फळीवर ताणून ठेवतो, म्हणजे नंतर सैल पडत नाही. आणि सुकू नये म्हणून ओल्या कापडात गुंडाळतो."

"ताईचीसुद्धा कुणीतरी अशीच...?"

"मी नव्हतो तिथे. पण सगळ्यांना असंच शिकवतात. असंच केलं असेल."

तिनं पदराऐवजी चादरीनंच डोळे पुसले. "मग माझी तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

त्यानं हात धुतले, हातमोजे चढवले. सलाईनमधली कंडरा मऊ झाली होती, मोत्यासारखी चमकत होती. पहिला टाका वाकडा पडला. त्यानं तो उसवला आणि पुन्हा घातला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, सिस्टरनंच कापडानं त्याचा चेहरा टिपला आणि म्हणाली, "काका, घाम फार येतोय तुम्हाला." थोरली गेल्यापासून इतक्या हळुवारपणे त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यानं शेवटची गाठ मारली.

दुपारी धाकटी शुद्धीवर येत होती, तेव्हा तो खाटेपाशी उभा होता. तिनं अर्धवट डोळे उघडले.

"भावोजी... आज ताई असती तर मला केवढी ओरडली असती!"

"ओरडली असती."

"मग तुम्ही ओरडा ना."

त्याला जमलं नाही. त्यानं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, "झोप आता."

"तुम्ही जाऊ नका."

"नाही जात," तो म्हणाला, आणि भिंतीकडचं स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.