खोटी पेशंट

तिच्या पोटात काडीचंही दुखत नव्हतं, तरी ती पलंगावर कळवळत होती. तेच तिचं काम होतं. परदेशातून आलेल्या डॉक्टरांना इथे प्रॅक्टिस करायची, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत त्यांच्यापुढे असे खोटे पेशंट निजवले जात. एरवी ती बालवाडीत शिकवायची. सोंग आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दार उघडून तो आत आला. उंच, सडपातळ, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या... कोट बहुधा उसना असावा.

“कुठे दुखतंय?”

“इथे... उजवीकडे... आई गं!”

अपेंडिक्सचं दुखणं तिने अगदी हुबेहूब वठवलं. आता हा पोट दाबणार, आपण किंचाळायचं, की झालं. पण त्याने आधी छाती तपासायला घेतली आणि तो तिथेच थांबला. डोळे मिटून ऐकत राहिला. खिडकीवर पावसाची बारीक सर वाजत होती, आणि तिला उगाचच वाटलं, या माणसाला तीसुद्धा ऐकू येत नसेल. आपल्याकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी काही ऐकलंच नव्हतं.

“जिना चढताना दम लागतो?” त्याने विचारलं.

“अहो, पोट!” ती दातओठ खात पुटपुटली. “माझं पोट दुखतंय!”

“दम लागतो की नाही?”

“लागतो... थोडासा.”

घंटा झाली. पोटाला त्याचा हातसुद्धा लागला नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या पोटाचं मला ठाऊक नाही. पण तुमच्या हृदयात एक आवाज आहे. तो नाटकातला नाही. उद्याच्या उद्या दाखवून घ्या.”

काचेमागे बसलेल्या परीक्षकांनी त्याला नापास केलं. पोटदुखीचं कारण डॉक्टरांना सापडलं का, असं तिलाही विचारलं गेलं. ती खरं तेच म्हणाली... नाही.

हे सगळं तिला आज, इतक्या वर्षांनी, आठवत होतं ते परीक्षा झाली त्याच हॉस्पिटलच्या सभागृहात, पहिल्या रांगेत बसून. समोर टेबलावर त्याच डॉक्टरांचा हसरा फोटो होता. आठवड्यापूर्वी दुपारी, एक पेशंट बाहेर गेला आणि दुसरा आत येईपर्यंत, डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत गेले होते. ती लेकीशेजारी ताठ बसली होती आणि लोक एकेक करून उठून त्यांच्याबद्दल बोलत होते. तिचं मन मात्र पुन्हा मागे पळत होतं.

हृदयाची एक झडप अरुंद आहे, हे तपासणीत खरंच निघालं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला शोधत हॉस्पिटलात आली. तो तळमजल्यावर स्ट्रेचर ढकलत होता. परवाना मिळेपर्यंत वॉर्डबॉयचं काम!

“डॉक्टर!” तिने हाक मारली.

त्याने मागे वळून पाहिलं... दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल म्हणून. इथे आल्यापासून त्याला त्या नावाने कुणी हाकच मारली नव्हती.

“तुम्हालाच म्हणते. तुमच्यामुळे मी वाचले, आणि तुम्हाला नापास करणाऱ्यांत मीही होते.”

“बरोबरच केलंत. पोट तपासायचं राहिलं ना!”

“मग आता तपासा. भूक लागलीये मला. चला, काहीतरी खाऊ.”

तो हसला. आणि तिचं ते अरुंद झडपेचं हृदय इतकं धडधडलं, की हे आता आजारामुळे की आणखी कशामुळे, तिला कळेना.

मग संध्याकाळी ते भेटू लागले. ती त्याला सरावासाठी रोज नवा आजार करून दाखवायची. कधी कावीळ, कधी मायग्रेन. एकदा तिने सांगितलं, “झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि कुणी समोर आलं की बोलणंच सुचत नाही.”

त्याने गंभीरपणे तिची नाडी धरली. बराच वेळ सोडली नाही.

“काय झालंय मला, डॉक्टर?”

“सांगता येत नाही,” तो खाली बघत म्हणाला. “मलाही तेच झालंय.”

त्याच्या पलीकडे मात्र दोघंही गेले नाहीत. या खेपेला त्याच्या हातात परीक्षेची एकच संधी उरली होती. ती हुकली तर इथे राहायची मुदतच संपणार होती. अशा माणसाने कुणाला कसला शब्द द्यावा?

परीक्षेच्या दिवशी ती खोकल्याचं सोंग घेऊन पलंगावर पडली होती. दार उघडलं आणि दारात तोच! ती खोकायचंच विसरली. ओळखीच्या पेशंटला तपासायचं नाही, हा नियम दोघांनाही माहीत होता. पण त्यांची ओळख काचेमागे कुणाला ठाऊक होती? ती डोळ्यांनीच त्याला विनवत राहिली... या ना, आत या, काही बोलू नका.

तो दारातच थांबला. काचेकडे वळून म्हणाला, “मी यांना तपासू शकत नाही. मी यांना ओळखतो.”

“कसे?” पलीकडून आवाज आला.

“मला यांच्याशी लग्न करायचं आहे.”

काचेमागे कुणीतरी खाकरलं. “त्यांना हे माहीत आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “आत्ता कळलं असेल.”

त्याची परीक्षा बाद झाली. त्याला मायदेशी परतावं लागलं. निघायच्या दिवशी ती त्याच्यावर जाम भडकली होती.

“गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?”

“काही नाही. पास झालो असतो.” तो तिच्याकडे पाहत राहिला. “पण मग उद्या मी म्हटलं, घाबरू नका, तुमचं हृदय ठीक आहे... तर तुम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवला असता?”

तिचा राग तिथेच विरघळला. ती रडत रडत म्हणाली, “मी फार दिवसांची सोबती नाही, डॉक्टर. माहीत आहे ना?”

“मलाच तर आधी कळलं ते!”

“मग माझ्यामागे कोसळायचं नाही. तरच माझा होकार.”

तो म्हणाला, “शिकेन.”

वर्ष उलटून गेल्यावर नवी परवानगी काढून तो परत आला, पुन्हा परीक्षेला बसून पास झाला, त्यांचं लग्न झालं. आणि तो खरोखरच शिकत गेला. स्वयंपाक शिकला. लेकीचे कपडे इस्त्री करायला शिकला. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी लेकीच्या वेण्या घालायचा, पहिल्या वेड्यावाकड्या, मग इतक्या सुरेख की शेजारणी बघायला यायच्या. असा नवरा नशिबाने मिळतो, असं जो तो म्हणायचा. तिच्या झडपेचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, तरी त्याचं शिकणं थांबलं नाही. हा माणूस कशाचा सराव करतोय, हे फक्त तिला माहीत होतं. ती एकदाही बोलली नाही. पाठमोरं उभं राहून भाजी परतणाऱ्या त्या माणसाला पाहून कितीतरी वेळा तिचा जीव गलबलला होता.

आणि गेले कोण? तेच.

सभागृहात आता लेक बोलत होती. “बाबांना घरातलं सगळं यायचं,” ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. ती खाली येऊन बसली, तशी आई उठली.

“आई, नको गं, तुला झेपायचं नाही,” लेक कुजबुजली.

“झेपेल,” ती म्हणाली, आणि लोकांकडे वळली.

“यांना सगळं यायचं, ते खरं आहे. मी आधी जाणार, असं यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून हे शिकले. माझ्यावाचून घर चालवायची तयारी यांनी आयुष्यभर केली... आणि ती सगळी फुकट गेली. माझी मात्र काहीच तयारी नाही.”

तिने वळून टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं.

“तरी मी सुखी आहे हो. मी आधी गेले असते, तर मागे राहणं त्यांच्या वाट्याला आलं असतं. कितीही शिकले होते, तरी त्यांना ते जमलं नसतं, मला ठाऊक आहे. घरातलं एकही काम त्यांनी मला कधी एकटीला करू दिलं नाही. हे मागे राहायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. ते मी नीट करीन.”

ती खाली बसली. लेकीने तिचा हात हातात घेतला, आणि तेव्हा कुठे ती रडली.