शिक्केबाईची चूक

"आई, इथे फक्त एक सही कर," लेक म्हणाली आणि तिने तो कागद आईच्या पांघरुणावर ठेवला. कागदाखाली टेकायला एक जाड पुठ्ठाही तिने आठवणीने आणला होता. लहानपणापासूनच ती अशी, कुठलंही काम घेतलं की कशाची उणीव राहू द्यायची नाही!

आईने चष्मा मागितला. खुब्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते, तरी बाहेरच्या खोलीत हलवलेल्या त्या खाटेवर नुसतं उशीला टेकून बसायचं म्हटलं तरी कपाळावर घाम यायचा. तिने कागद सावकाश वाचला आणि मग पुन्हा एकदा वाचला. 'पट्टा बांधताना माझ्या निष्काळजीपणामुळे बकल नीट लागले नाही, त्यामुळे मी पडले. पट्ट्यात कोणताही दोष नव्हता.' खाली तिचं नाव टाइप केलेलं होतं आणि नावावर सहीपुरती मोकळी जागा.

"बकल नीट लागलं होतं, ठमे."

"मला माहीत आहे."

"आणि शिवण उसवली होती. तू समोर होतीस."

लेक खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या कानामागची शीर उडत होती. आई ती शीर ओळखून होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी उडायची, वडील गेले त्या दिवशी उडत होती...

उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे बनवण्याच्या त्या कारखान्यात आईची अठ्ठावीस वर्षं गेली होती, सगळी चाचणीच्या खोलीत. तिच्या हातातला पितळी शिक्का पट्ट्यावर उठल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. म्हणून तिचं नावच शिक्केबाई पडलं होतं. ठमी जन्मली तेव्हा शिलाईतल्या बायका म्हणाल्या होत्या, "नीट बघा गं, पोरीच्या पाठीवरही शिक्का असेल, त्याशिवाय बाईंनी घरी आणली नसती!" त्याच ठमीने पुढे शिकून त्याच कारखान्यात उत्पादनाचं खातं सांभाळायला घेतलं, तेव्हा आईला सगळ्यांदेखत तिला 'मॅडम' म्हणावं लागायचं. म्हणताना तिला हसू यायचं, आणि हसण्याआड केवढा अभिमान!

थोरल्या मालकांनी तिथे एक रीत घालून दिली होती. प्रत्येक खेपेतला एक पट्टा उचलायचा आणि खेपेच्या कागदावर ज्याची सही, त्याने तो बांधून फळीवरून शंभर अंक मोजेपर्यंत अधांतरी लटकायचं. खाली जाड गादी असे. थोरले मालक गेले, वाळूच्या पोत्यांचं यंत्र आलं, धाकटे साहेब या रीतीला हसू लागले. पण शिक्केबाई लटकायच्या थांबल्या नाहीत.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत दोघीच होत्या. नव्या दोऱ्याने शिवलेले सहाशे पट्टे, लेकीच्या हाताखालची पहिली मोठी खेप, आणि कागदावर लेकीची सही. दोऱ्याचा नमुना चाचणीला गेलाच नव्हता. धाकट्या साहेबांनी घाई केली आणि लेकीने तो परस्पर पास केला होता. आईने शिवणीवरून नख फिरवलं आणि शिक्का खाली ठेवला. "मी नाही मारणार." शब्दाने शब्द वाढला. "तुझी सही आहे ना? मग इथली रीत पाळ," असं आईच्याच तोंडून निघून गेलं. लेक रागाने लाल होऊन खरंच पट्टा चढवायला लागली... आणि ते दृश्य आईला बघवेना! तिने पट्टा जवळजवळ हिसकावून घेतला. "दे इकडे! शंभर झाले तर आत्ता शिक्का मारते."

एकसष्टाव्या अंकाला शिवण उसवली. त्याच खेपेचे खोके रचायला जागा हवी म्हणून सकाळीच गादी उचलून नेली होती, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. पडताना आईच्या मनात एकच आलं, बरं झालं, पट्ट्यात ही नव्हती...

"ते पट्टे कुठे आहेत?" आईने आता विचारलं.

"गोदामात. तुझी सही मिळाली की सोमवारी रवाना होतील."

"सहाशेच्या सहाशे?"

"आई, सगळे नाही तुटत! वाळूच्या यंत्रावर दहापैकी नऊ टिकले."

"म्हणजे सहाशेत साठ माणसं," आई हळूच म्हणाली.

त्यावर लेकीचा बांध फुटला. "कोण माणसं? तू बघितलीयस त्यांना? काचा पुसणारे, भिंती रंगवणारे, कुठल्या गावचे कोण... ते सगळे तुला माझ्यापेक्षा जवळचे! शाळेच्या कार्यक्रमाला तू आली नाहीस, खेप होती. बाबा आजारी होते, तेव्हाही खेप होती. जन्मभर त्या शिक्क्याशी संसार केलास, आता एकदा... एकदाच माझ्या बाजूने उभी राहा ना! हे बाहेर आलं तर मी संपले. मला कोणी दारात उभं करणार नाही."

त्यातलं बरंच खरं होतं. शाळेच्या त्या कार्यक्रमात ठमी झाड झाली होती, नुसतं उभं राहायचं होतं तिला, आणि ती शेवटपर्यंत आईला शोधत दाराकडे बघत राहिली होती, हे तिला शेजारणीने सांगितलं होतं. इतकी वर्षं ते काळजात रुतून बसलं होतं! आपलं नाव गेलं तर जाऊ दे... पण साठ घरं? आणि ही? हिचं काय?

"कोरा कागद दे," आई म्हणाली.

मध्ये दोनदा थांबून तिने लिहिलं. 'नव्या दोऱ्याचा नमुना मी चाचणी न करता पास केला. त्यामुळे पट्टा तुटला. चूक सर्वस्वी माझी आहे. या दोऱ्याने शिवलेले सर्व पट्टे कापून टाकावेत.' खाली तिने सही केली, तारीख घातली.

"एकदा असं लिहून आलं की माल पाठवायची कोणाची छाती होणार नाही. तुझं नाव यात कुठेच नाही. साहेबांना कुणाचं तरी नाव हवंय, त्यांना ते मिळेल. फक्त पट्टे कापताना तू स्वतः उभी राहा. सहाशे मोज."

लेक त्या कागदाकडे बघत राहिली. आईही लेकीकडे बघत राहिली. त्या एका क्षणात तिने डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली. आता ही म्हणेल, नको आई, हे खोटं आहे... आता ही कागद फाडेल... लेकीने कागदाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"मी येते," ती म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही आई ओरडली नव्हती. आता मात्र तिने तोंडाला पदर लावला.

पट्टे कापले गेले. शिक्केबाईंना कामावरून काढल्याचं पत्र आलं. दारावर शिलाईतली एकच बाई आली, उभ्या उभ्या, आणि म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा?" नंतर कोणीच आलं नाही. लेकीने दिवसभरासाठी एक बाई ठेवली, औषधं वेळेवर आणली, डॉक्टरांना फोन केले, सगळं केलं, पण खाटेजवळ ती बसत नसे. "काही हवंय का?" एवढंच विचारून निघून जाई. चार महिने! पडून पडून आईच्या छातीत पाणी झालं. श्वास घेताना बारीक आवाज येऊ लागला, आणि डॉक्टर आताशा लेकीशीच बाहेर जाऊन बोलू लागले.

एका दुपारी कटिंगवाले मास्तर आले. पंचवीस वर्षं शेजारच्या टेबलावर कापड कापणारा माणूस, तोंडाने फटकळ. खुर्ची ओढून ते खाटेजवळ बसले.

"सहाशे पट्टे माझ्या हाताने कापले, बाई. हाताला फोड आले. आणि प्रत्येक फोडाला तुमच्या नावाने शिव्या घातल्या."

"घाला, मास्तर. हक्क आहे तुमचा."

"म्हटलं, एक सूत कापड इकडचं तिकडे झालं तर ही बाई माझा अख्खा गठ्ठा परत पाठवायची. म्हातारपणी हिला झालं काय? अहो, एकदा तर माझ्या लग्नाच्या सदऱ्याची शिवण ओढून बघितलीत!"

"कच्ची होती ती." आईला हसू आलं आणि त्यापाठोपाठ खोकला. मास्तरांनी पाणी दिलं. मग त्यांचा आवाज बदलला.

"काल हजेरीचे जुने तक्ते बांधून ठेवत होतो. दोरा आला त्या आठवड्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तुम्ही घरी, डोळ्याला पट्टी. तुम्ही नमुना पास कसा केलात, बाई?"

आईचे हात पांघरुणावर चुळबुळले.

"त्या आठवड्यात सही करायला एकच माणूस होतं. मी उद्या सांगतो सगळ्यांना."

"नाही, मास्तर!" ती उठायला गेली, वेदनेने पुन्हा मागे कलंडली. "तुम्हाला माझी शपथ आहे! माझं आता काय राहिलंय? तिचं सगळं आयुष्य पुढे पडलंय. चुकली ती, घाबरली. पट्टे थांबले ना? मग झालं तर. माझी लेक आहे हो ती... तिच्या लहानपणी मी तिला फार थोडा वेळ दिला. एवढं तरी देऊ द्या!"

मास्तरांनी मान खाली घातली. ती वर केली तेव्हा दारात लेक उभी होती, हातात औषधाची पिशवी. ती कधी आली होती कोण जाणे. मास्तर चपला घालून निघून गेले.

लेक आत आली, खाटेशी खाली बसली आणि तिने आईच्या पावलांवर डोकं टेकलं.

"मी कागद फाडेन असं वाटलं होतं ना तुला?" तिने विचारलं. "मला दिसत होतं, आई. तरी मी घडी केली. त्या दिवसापासून तुझ्याकडे बघायची हिंमत होत नाही मला..."

"वेडे!" आई एवढंच म्हणू शकली.

मग लेकीने तिथेच जमिनीवर बसून लिहायला घेतलं. आई म्हणत राहिली, नको गं, झालं ते झालं, माझे किती दिवस उरलेत... पण लेक थांबली नाही. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. 'कामाच्या घाईमुळे आणि वरिष्ठांच्या दबावामुळे माझ्याकडून नमुन्याची चाचणी राहून गेली...'

आईचे डोळे मिटलेले होते. श्वास घरघरत होता. पण भुवई किंचित वर गेली.

"घाई काढ," ती म्हणाली. "घाई सगळ्यांनाच असते."

लेकीने ओळ खोडली.

"दबाव राहू दे. तो खरा आहे. पण तो शेवटी लिही, आधी तुझं लिही. आणि 'राहून गेली' नाही. तू केली नाहीस."

लेक रडत लिहीत होती, खोडत होती, पुन्हा वाचत होती. चौथ्या खेपेला आईने मान हलवली. "आता टिकेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि शिलाई विभागात जाऊन मोठ्याने वाचलाही. दुपारच्या आत ती घरी होती. आईने डोळे उघडले, कामाच्या दिवशी भर दुपारी लेक उशाशी बसलेली पाहिली.

"जेवलीस?"

"नाही."

"मग आण ना. दोघी जेवू."

नऊ दिवस मिळाले त्यांना. नऊ दिवस लेक खाटेजवळून हलली नाही. दहाव्या दिवशी सकाळी, केस विंचरून घेताना, आईची मान लेकीच्या हातावर कलली.

कारखान्यातल्या सगळ्या बायका आल्या. मास्तर आले. त्यांनी शिक्केबाईंच्या पायांना हात लावले, हुंदके दिले, आणि लेकीच्या जवळून जाताना एकीनेही तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. चार महिने हे मौन आईने तिच्या वाट्याचं सोसलं होतं. लेक दार धरून उभी राहिली, शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत.