कौलखेडचा कॉम्प्युटर

बाबांचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते.

"पीसी हँग होऊन राहिला. तू ये." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. कशी आहेस नाही, लेकरं कशी आहेत नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्या आठवड्यातला हा तिसरा हुकूम.

शनिवारी पहिल्या एसटीनं अकोल्याला गेले ती चिडूनच. एप्रिलचं ऊन नऊ वाजताच डोक्यात शिरलं होतं. कौलखेडच्या आमच्या घरात कूलर घरघरत होता आणि बाबा बनियनवर पीसीपुढे बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या किसनरावांना आता दुसरं काम नव्हतं. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला. चौदा वर्षांचं जुनं डबडं आणि त्यावर दिवसभर पत्ते. सत्तरीला टेकलेली माय मात्र स्वयंपाकघरात उभ्यानं भाकरी थापत होती.

"नवा घेऊन देते बाबा. आजच जाऊ."

"नवा नाही पाह्यजे. हाच दुरुस्त कर."

"काहून पण?"

"हाच म्हटलं ना."

पीसीचा डबा उघडण्यासाठी मी तो बंद करू लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. "बंद नाही करायचा."

"चालू ठेवून आतमधी हात घालू का मी?"

"तुले येत नसन तं राहू दे."

पंधरा वर्षं मी हेच शिकवते आहे. दात आवळून खुर्ची ओढली. तापमान पाहिलं, डिस्क तपासली, मागे चालणारे नको ते प्रोग्राम काढून टाकले. बिघाडाची नोंद एकही नव्हती. म्हणजे काहीही न कळवता तो अडकत होता, आणि असल्या बिघाडाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

अकराच्या सुमाराला तो माझ्यासमोरच अडकला. बाण थांबला. बदामाची राणी अर्ध्यावर लटकली. आतला पंखा मात्र फिरत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला.

मी धावले. तव्यावर भाकरी कोळसा झाली होती आणि माय तिच्यासमोर उभी होती, पिठाचा हात छातीपाशी उचललेला. धूर तिच्या तोंडावर येत होता. मी गॅस बंद केला.

"माय! भाकर जळाली ना!"

तिनं पाहिलं नाही. मी खांदा हलवला. खांदा हलला, ती नाही हलली. बाहेर बाबांनी बटण दाबल्याचा आवाज आला, मग पीसी सुरू होतानाची ती ओळखीची धून.

"...लेकरायले काहून नाही आणलं संग?" माय म्हणाली आणि तव्याकडे वळली. "अवं बाप्पा! हे कवा जळाली?"

मी तरातरा बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "किती दिवसापासून होऊन राहिलं तिले असं? डॉक्टरले दाखवलं?"

"डॉक्टरचं काम नाही ते. तू पीसी पाह्य."

मग मात्र माझा तोल गेला. जन्मभर तिनं तुमच्या हाताखाली हाडं झिजवली, तुमचा आवाज चढला की ती भिंतीला लागून उभी राहायची, आणि आज ती हातातून चालली तरी तुम्हाला या डबड्याची काळजी. आजवर गिळलेलं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. नजर पडद्यावरून काढली नाही.

"तिच्यासाठीच तं पाह्य म्हणून राहिलो," ते हळू म्हणाले.

मला वाटलं, म्हातारे झाले, काहीही बोलतात.

सव्वा वाजता आम्ही जेवायला बसलो. माय मला वरण वाढत होती. वाटी भरली, तरी पळी सरळ होईना. वरण ताटात आलं, ताटातून सतरंजीवर आलं, पळी रिकामी झाली तरी तशीच वाकडी राहिली. मी वर पाहिलं. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती. माशी बुबुळावर सरकली. पापणी लवली नाही.

बाबा उष्ट्या हातानं केव्हाच बाहेर पळाले होते.

धून वाजली. "अजून घे थोडं," माय म्हणाली, आणि माशी हाकलली.

ती भांडी घासायला मागे गेल्यावर बाबा माझ्या शेजारी बसले. "दिवाळीत पीसी बंद करून ठेवला होता. दोन दिवस."

दिवाळीत माय दोन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होती. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी आपोआप उठून बसली.

"तिचे कपडे आणाले घरी आलो. घर खायले उठलं होतं. उगाच चालू केला," बाबा म्हणाले. "तवापासून मी उठलो नाही इथून."

प्रत्येक बिघाडाला कारण असतं, असं मी वर्गात सांगते. मला इतका संताप आला की रडू येईना. त्यांनी आधी सांगितलं नाही याचा, आणि सांगितल्यावर मी मानलं याचा.

"रॅमची पट्टी गेली असन," मी शेवटी म्हटलं. "बदलाले पाच मिनिटं बंद करा लागते."

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग मान हलवली.

पट्टी आणायला भर उन्हात मीच गेले. परत आले तेव्हा माय खाटेवर पडली होती आणि बाबा तिचा हात धरून बसले होते. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कर," ते म्हणाले.

मी बंद केला. आतला पंखा हळूहळू थांबला.

मायची मान उशीवर कलली.

जुनी पट्टी निघाली. नवी बसेना. बोटांना घाम सुटला होता.

"हात थंडा पडून राहिला, दीपा."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खट. बसली.

बटण दाबलं. पडदा काळाच.

काळाच.

मग उजेड आला.

"कूलरमधी पाणी कोनं नाही टाकलं?" माय म्हणाली.

रविवारभर पीसी एकदाही अडकला नाही. मायनं पुरणपोळ्या केल्या, शेजारणीशी भांडली, हसली. बाबा दुपारी पहिल्यांदा आतल्या खोलीत जाऊन झोपले.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. एवढ्या वर्षांत कधी आले नव्हते. ऑटो वळला तेव्हा त्यांनी हात वर केला. मूर्तिजापूर येईपर्यंत मला त्यांचा राग आला नाही.

अमरावतीला पोचल्यावर साडेदहाला फोन केला. मायनं उचलला.

"पीसी कसा हाय?"

"मस्त चालून राहिला. थांबतच नाही."

"आणि बाबा?"

"फाटकात हायेत. तू गेली तवापासून. हात वर करून. पापणी बी नाही लवत." तिचा आवाज अगदी स्वस्थ होता. "ऊन आलं होतं अंगावर, म्हणून डोक्यावर दुपट्टा टाकला त्यायच्या. आन् त्यायच्या भवतीनं अंगण झाडून घेतलं."