व्यवहार पूर्ण

त्याची पहिली ओळ वाचून तिला हसूच आलं होतं. "पातं खरं आहे, मूठ खरी आहे, मीही खरा आहे. फोटो पाठवू?"

ती पुस्तकबांधणी करायची. कातडं कापता कापता तिला जुन्या घडीच्या चाकूंचं वेड लागलं आणि त्या वेडापायी ती संग्राहकांच्या ऑनलाइन ग्रुपवर आली. तो घड्याळं दुरुस्त करणारा. तिला हवा असलेला शिंगाच्या मुठीचा चाकू त्याच्याकडे होता, त्याला हवा असलेला पितळी मुठीचा तिच्याकडे. अदलाबदल ठरली. पण ती आधी एकदा फसली होती. चाकू पाठवला आणि समोरचा गायब! तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. शिवाय मावशी होतीच मागे. "अनोळखी माणूस, त्यात हातात सुरी. दुसरा छंद मिळाला नाही का गं तुला?"

ग्रुपचा नियम असा, की चाकूशेजारी आपलं टोपणनाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवायचा. म्हणजे वस्तू खरोखर हातात आहे हे कळतं. एक फोटो पुरतो. हिने मात्र आधी बिजागरीचा मागितला, मग धारेचा, मग उजेड नीट नाही म्हणून खिडकीजवळचा. प्रत्येक फोटोत त्याचं वळणदार अक्षर असायचं, आणि कडेला थोडासा अंगठा. ती चाकू कमी आणि अंगठाच जास्त बघायची. तोही काही दूधखुळा नव्हता. "आज कुठली बाजू दाखवू?" असं आपणहून विचारायचा.

शेवटी भर दुपारी, गजबजलेल्या कॉफीच्या दुकानात भेट ठरली. अनोळखी माणसाला चारचौघांत भेटावं, हाही नियमच. दोन खोकी टेबलावरून इकडची तिकडे झाली. त्याने झाकण उघडलं, पण बघत राहिला तिच्याकडेच.

"नीट बघून घ्या. नंतर तक्रार नको."

"तक्रार आहेच... फार लवकर उरकलं."

तिला कितीतरी बोलायचं होतं. ती "येते मी" एवढंच म्हणाली आणि घरी येईपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली.

वस्तू मिळाली की दोघांनीही ग्रुपवर 'व्यवहार पूर्ण' असं लिहायचं असतं. तिने लिहिलं नाही. एकदा लिहिलं की त्याला मेसेज करायला निमित्त काय उरणार? हात डिंकात आणि कान फोनकडे, असे तिचे दिवस चालले होते. त्याची इतकी आठवण यायची, की स्वतःचाच राग यायचा.

आणि एके दिवशी ग्रुप सांभाळणाऱ्या काकांनी सगळ्यांसमोर लिहिलं, की बाईंनी 'व्यवहार पूर्ण' लिहिलेलं नाही, म्हणजे घड्याळवाल्याने त्यांना चाकू दिलेला दिसत नाही. आज खुलासा आला नाही, तर त्याला ग्रुपवरून काढू. खाली लोकांनी तोंडसुख घेतलं. 'नाव मोठं, लक्षण खोटं,' असंही कुणीतरी म्हणालं. हातोहात दिला, एवढं सांगितलं असतं तरी तो सुटला असता. तो गप्पच.

आपल्या ओढीपायी एका सच्च्या माणसावर चोरीचा आळ आला होता. तिने हातही न पुसता लिहिलं, 'चाकू हातोहात मिळाला. उशीर माझा, दोष माझा. माणूस सोन्यासारखा. व्यवहार पूर्ण.'

मग फोन पालथा घालून ती बसून राहिली. संपलं होतं सगळं.

फोन वाजला. त्याचा मेसेज होता. "सोन्यासारखा... हे कुठल्या नियमात बसतं?"

"तुम्ही बोलला का नाहीत? लोक चोर म्हणत होते."

"बोललो असतो तर तुम्हाला लिहावं लागलं असतं. मीही अजून लिहिलेलं नाही, बघितलंत?"

तिने बघितलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

"मग आता मला फसवी ठरवतील."

"चाकू मिळाला हो. पण... मला जे हवंय ते अजून आलेलं नाही." मग आणखी एक ओळ आली, "माझं घड्याळांचं दुकान भर बाजारात आहे. दिवे लागेपर्यंत उघडं असतं."

तिला चपला घालताना बघून मावशीने विचारलं, कुठे निघालीस?

"एक गोष्ट पोचती करायची राहिलीय."

"मग पोस्टाने पाठव की."

"पोस्टाने जाण्यासारखी नाही गं ती," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.