दोन रंगांचा नकाशा

या हो, जवळ सरून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. भजनाआधी एक गोष्ट ऐका. अजून घडायची आहे, पण घडलीच म्हणून ऐका.

पिंपळखारच्या खाडीच्या तोंडाशी एक भलंमोठं लोखंडी दार होतं, आणि ते राखायला 'तटपाल' नावाचं यंत्र. उधाण आलं की यंत्र आपणहून दार लावी, आतला बाजार कोरडा राही. लोक कौतुकानं त्याला दारावरचा हनुमान म्हणत.

त्या दुपारी उधाण अंदाजाआधीच उठलं. भूगोलाची अभ्यासक रेवती केणी यंत्राच्या खोलीत पडद्याकडे बघत होती. दाराबाहेरच्या चिखलात बायका निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, पकडत होत्या. त्यांत तिची आई. आत यायची वाट एकच, त्या दारातून.

"तटपाल, थांब! बाहेर माणसं आहेत."

"बाहेर पाणी आहे," यंत्र शांतपणे म्हणालं. "पाण्यावर माणसं चालत नाहीत. त्या होड्या असाव्यात."

यंत्र ज्यावरून बघे तो नकाशा रेवतीनंच भरला होता. रंग दोनच, जमीन आणि पाणी. ओहोटीला जमीन नि भरतीला पाणी होणाऱ्या चिखलाला तिनं निळा रंग देऊन टाकला होता.

दार मिटू लागलं. तिनं दार हातानं थांबवायची कळ ओढली. दार अर्ध्यावर अडलं.

"बाजार गळ्याइतका बुडेल," यंत्रानं बजावलं.

दार लावावं तर आई जाते, रोखावं तर बाजार. पण खाडी अशी दोन तुकड्यांत वागत नाही. शास्त्रात जिला जटिल व्यवस्था म्हणतात, ती हीच. इथं पाणी अडवलं की तिथं फुगतं, तिथला गाळ हलतो, आणि हललेला गाळ पुन्हा पाण्याची वाट बदलतो. एखादं लहानसं तोंड उघडलं तरी सगळा डाव फिरतो. बांधात तसं तोंड होतं, भातशेतीतलं जादा पाणी खाडीत सोडायची उघाडी. भरतीला तिची फळी उचलली तर उधाण शेतात पसरून बाजाराकडचा जोर कमी झाला असता. तटपालला हे सुचणार नव्हतं. नकाशात शेत म्हणजे जमीन.

आणि शेत दामूकाका म्हात्र्यांचं. तिनं फोन लावला. काका बांधावरच होते.

"काका, उघाडी उघडाल? पण शेत खारं होईल. काही वर्षं भात नाही. आणि तुमचं तर कुणी बाहेर नाहीये..."

"नाती कसली मोजतेस गो? भात पुन्हा लावता येतं. बायका काय लावणीनं उगवतात?"

फोनमध्ये फळीची करकर ऐकू आली.

बाजाराकडचं पाणी घोट्याशी थबकलं. बायका एकमेकींचे पदर धरून कमरभर पाण्यातून आत आल्या. शेवटी रेवतीची आई, काखेत टोपली तशीच. "कोण गो मेलं दार लावत होतं?" ती ओरडली. रेवतीला रडू फुटलं.

बाजार वाचला. दामूकाकांच्या शेतावर मिठाचा पांढरा थर बसला. काका सरकारी कचेरीत भरपाई मागायला गेले, तर साहेबानं विचारलं, "आपत्ती नैसर्गिक की मानवनिर्मित? एकच सांगा."

काका म्हणाले, "समुद्र देवानं धाडला, फळी मी उचलली. आता तुम्हीच काय ते ठरवा, साहेब."

साहेबाला ठरवता आलं नाही, नि भरपाई अडकून राहिली. त्या वर्षी काका तांदूळ विकत घ्यायला त्याच बाजारात उभे राहिले.

सांगा मंडळी, यात निसर्ग कुठं संपला नि माणूस कुठं सुरू झाला? उत्तर सुचेल तेव्हा सुचेल. आज जेवायला बसाल, तेव्हा भाताच्या पहिल्या घासाला दामूकाकांची आठवण तेवढी काढा.